वावरापर्यंत पायीच जा

वावर 2 किलोमीटरवर असेल तर गाडी घरीच ठेवा. झपाझप चाललं तर 25 मिनिटांत पोचता, जाऊन-येऊन 50. आठवड्यातून तीनदा गेलात, की जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेली किमान 150 मिनिटं भरली. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग हवा. धुऱ्याधुऱ्यानं रमतगमत गेलं तर तेवढा फायदा नाही.

मांड्यांना जोर हवा तर बाजेच्या काठावर बसा, हात छातीशी बांधा, आधार न घेता उठा आणि तीन मोजत सावकाश बसा. दहा वेळा, दिवसाआड. बाज ढिली असेल तर बूड खाली जातं, टोंगळ्यांवर ताण येतो. तिथं लाकडी खुर्चीच बरी.

मे महिन्यात मात्र सकाळी आठच्या आत घरी परता. पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा हट्ट नको.