तुम्ही विचारलंत म्हणून: झाकणाला वेगळं अ‍ॅल्युमिनियम कशाला?

लेझर वेल्डिंगचं काम करते म्हटलं की प्रश्न ठरलेला: "दोन्हीकडे अ‍ॅल्युमिनियमच ना? मग डब्याला एक ग्रेड आणि झाकणाला दुसरा, हा खटाटोप कशाला?"

हे डबे म्हणजे रडारसारख्या यंत्रणांतल्या मायक्रोवेव्ह सर्किटची घरं. आत दमटपणा शिरता कामा नये, म्हणून झाकण हवाबंद जोडायचं आणि हेलियम वापरून गळती तपासायची. डबा बहुधा ६०६१ या ग्रेडचा, म्हणजे ठरावीक मिश्रणाच्या अ‍ॅल्युमिनियमचा असतो. मशिनिंग चांगलं होतं, मजबुतीही असते. त्यावर ६०६१ चंच झाकण ठेवून लेझर फिरवला, तर सांध्याच्या मधोमध केसासारखी चीर जाते.

ही चीर धातू गोठताना पडते. ६०६१ साधारण ६५२ अंश सेल्सिअसला गोठू लागतो आणि ५८२ च्या आसपास पूर्ण घट्ट होतो. मधल्या टप्प्यात घट्ट झालेल्या कणांमध्ये रसाचा, म्हणजे वितळलेल्या धातूचा, पातळ थर उरलेला असतो. गोठताना अ‍ॅल्युमिनियम सहा-सात टक्के आकसतं. भोवतीचा थंड डबा मात्र जागचा हलत नाही. सगळा ताण त्या थरावर येतो, तो फाटतो, आणि फट भरून काढायला पुरेसा रस शिल्लक नसतो. रसात सिलिकॉन एक टक्क्याच्या जवळपास असलं की हा धोका फार वाढतो. ६०६१ मध्ये ते ०.४ ते ०.८ टक्के असतं!

झाकणासाठी वापरतो त्या ४०४७ ग्रेडमध्ये सिलिकॉन ११ ते १३ टक्के, आणि तो ५७७ अंशांच्या सुमारास जवळजवळ एकदमच गोठतो. झाकण त्याचं केलं की सांध्याच्या रसात भरपूर सिलिकॉन येतं, शेवटपर्यंत रस उरतो आणि उघडणाऱ्या फटींत शिरतो. म्हणून मी किरण थोडा झाकणाच्या बाजूला ठेवते. डब्याचा वाटा वाढला की मिश्रण पुन्हा चिरेकडे झुकतं.

मग डबाही ४०४७ चाच का नको? मजबुती कमी पडते, आणि इतकं सिलिकॉन टूलची धार खातं.

सांध्यात बारीक छिद्रं राहतात, ते दुखणं वेगळं. ओल किंवा तेल राहिलं की हायड्रोजन रसात शिरतो. तिथे स्वच्छतेला पर्याय नाही. चिरेसाठी मात्र लोक आधी मशीनकडे बोट दाखवतात. लेझरच्या प्रत्येक पल्सची (झोताची) पॉवर हळूहळू उतरवली तर थोडा फायदा होतो, हे खरं. पण मिश्रणच चुकलं असेल तर सेटिंग बदलत बसणं मला पटत नाही. ड्रॉइंगवर झाकणाचा ग्रेड दिलेला नसेल, तर जॉब मशीनवर चढवण्याआधी मी तो लेखी मागून घेते.