हरळीचा वसंत

आमच्या वऱ्हाडात हरळीला, म्हणजे दूर्वेच्या गवताला, 'हरयी' म्हणतात, आणि हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी सहसा शिवीच्या आधी किंवा नंतर येतो. माझ्या वडिलांची हयात पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या शेतातून ही हरळी खणून काढण्यात गेली. त्यामुळे सेवानिवृत्तीनंतर गावातल्या घरापुढे मी हिरवळ लावायला घेतली आणि तीही शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून आणलेल्या हरळीच्या काड्यांची, तेव्हा शेजारच्या भाऊंनी कुंपणावर हात टेकून जे सुनावले ते रास्तच होते. ते म्हणाले, "सर, तुमच्या बाबांनं सारी जिंदगी हरयी खंदण्यात घातली, अन् तुम्ही तिले टाकी टाकी पानी पाजून रायले!" मात्र गेल्या सात वर्षांत हिरवळीविषयी मला जे काही उमगले आहे, त्यातले बहुतेक हरळी मारण्याच्या त्या जुन्या ज्ञानातूनच आलेले आहे. ती कशाने मरते हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याला ती कशाने जगते हे वेगळे शिकावे लागत नाही.

सुरुवात मी धुऱ्यापासून केली नव्हती, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या वर्षी एका रोपवाटिकेतून 'कार्पेट' म्हणून विकल्या जाणाऱ्या गवताच्या गुंडाळ्या आणून मी अंगणात अंथरल्या होत्या. त्या गवताच्या मुळांखाली बोटभर जाडीचा तांबड्या मातीचा थर होता आणि तो थर आमच्या काळ्या मातीवर नुसता टेकलेला राहिला. मुळांनी तांबडी माती सोडून काळ्या मातीत उतरायला नकार दिला. मार्चमध्ये वरचा थर वाळला आणि धुळवडीच्या सुमारास ती सतरंजी एका कोपऱ्याला धरून उचलली तर अख्खी हातात आली. दोन जातींच्या मातीचे थर एकावर एक ठेवले की पाणी आणि मुळे दोन्ही त्यांच्या सांध्यावर अडतात. हेच वाळूच्या बाबतीतही खरे आहे. माती भुसभुशीत व्हावी म्हणून काळ्या जमिनीवर निव्वळ वाळूचा थर पसरण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो मी तेव्हापासून मानत नाही.

हिरवळीच्या निगेविषयीचे बहुतेक लेखन थंड देशांतले असते. त्यात वसंत म्हणजे बर्फ वितळल्यानंतरचे दोन-अडीच महिने हळूहळू उबदार होत जाणारा काळ. आपल्याकडे पळस फुलला की वसंत आला असे म्हणायचे आणि त्याची पाने परत येईपर्यंत पारा चाळिशीला भिडलेला असायचा. माझ्या हिशेबाने वऱ्हाडातल्या हिरवळीला महाशिवरात्रीपासून गुढीपाडव्याच्या जरा पुढेपर्यंत, म्हणजे जेमतेम पाच-सहा आठवडे मिळतात. एवढ्या काळात गवत देखणे करायचे नसते, तर उन्हाळा सोसण्याइतकी मुळे खाली जाऊ द्यायची असतात. पुढची सगळी कामे मी या एका कसोटीवर घासून पाहतो.

हरळी हे उष्ण हवेचे गवत आहे. रात्री थंड असल्या की ते वाढ थांबवते आणि डिसेंबर-जानेवारीत पिवळट तपकिरी होऊन पडून राहते. ते मेले असे समजून लोक जानेवारीतच युरियाच्या मुठी फेकतात. त्याऐवजी एक काडी उपटून नखाने सोलून पाहावी. आत पांढरट हिरवा ओलसर गाभा दिसला तर ती जिवंत आहे, आणि काडी कडकन मोडून आत नुसता भुसा निघाला तरच ती गेली. निम्मी हिरवळ आपणहून हिरवी झाल्याखेरीज मी खत टाकत नाही, कारण झोपलेली मुळे ते घेऊ शकत नाहीत. माझी हिरवळ पंचवीस फूट लांब आणि वीस फूट रुंद आहे, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही थोडी कमी. युरियात 46 टक्के नत्र असते, त्यामुळे एवढ्या जागेला पूर्ण वसंताचा हिशेब अर्ध्या किलोवर संपतो. तेही दोन हप्त्यांत, कोरड्या पानांवर टाकून लगेच पाणी देऊन. कपाशीला पोत्याने खत देणाऱ्या हाताला अर्धा किलो म्हणजे चेष्टा वाटते, आणि म्हणूनच गावातल्या दोन-तीन हौशी अंगणांत मुठीच्या आकाराचे करपलेले डाग दिसतात.

फेब्रुवारीच्या अखेरीस मी गवत वर्षातून एकदाच अगदी जमिनीलगत कापतो आणि मग दाताळ्याने जोर लावून विंचरतो. हिवाळ्यात मेलेल्या काड्यांचा एक गादीसारखा थर तळाशी साचलेला असतो. तो अर्ध्या इंचापेक्षा जाड झाला की पाणी त्यातच अडकते आणि नवीन मुळे मातीऐवजी त्या गादीतच पसरतात. पहिल्या वर्षी अर्ध्या गुंठ्यातून तीन घमेली काडीकचरा निघाला होता. याच गादीला उधई, म्हणजे वाळवी लागते. मार्चमध्ये हिरवळीत वाळलेला चट्टा दिसला की पुस्तकी सल्ला हुमणीकडे बोट दाखवतो. आमच्याकडे मात्र हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर येतात आणि त्यांच्या अळ्या पावसाळ्यात मुळे खातात, त्यामुळे वसंतातल्या चट्ट्याला तिला दोषी धरता येत नाही. चट्ट्यावर गुडघे टेकून बसावे. वाळक्या पात्यांवर ओल्या मातीचा पातळ गिलावा केल्यासारखा दिसला आणि तो बोटाने खरवडल्यावर आत पांढुरके किडे पळाले, तर ती उधई. तिला कोरडी, मेलेली काडी हवी असते. काडी उचलली आणि जागा ओली ठेवली की माझ्याकडे तरी औषधाची वेळ आलेली नाही.

जमीन टोचण्याचे काम मात्र मी कॅलेंडर पाहून करत नाही, त्यासाठी वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडेपणा अशी मातीतली ओल पाहतो. ओल्या काळ्या मातीत लोखंडी काटा घुसवला तर भोकाच्या कडा लिंपल्यासारख्या चोपड्या होतात आणि भोक वाळल्यावर विटेच्या नळीसारखे कडक बनते. कोरड्या मातीत तर काटाच वाकतो. मूठभर माती दाबून गोळा करावा, तो कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटून विखुरला तर तोच दिवस योग्य. वडील पेरणीच्या आधी हीच परीक्षा करीत, ते ढेकूळ पायाने फोडत एवढाच फरक. टोचून झाल्यावर चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत मी पातळ पसरतो. एका वर्षी घाईत अर्धवट कुजलेले शेणखत टाकले, तेव्हा पंधरा दिवसांत गाजरगवताची इतकी रोपे उगवली की निंदणाला दोन बाया लावाव्या लागल्या. मार्चअखेर काळी माती आकसून बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या ताणात हरळीच्या धावत्या काड्या अक्षरशः तुटतात. त्या भेगांत खत आणि वाळू यांचे मिश्रण मी हाताने भरतो. इथे वाळू चालते, कारण ती थर होऊन वर बसत नाही.

आता रंगाचा प्रश्न. होळीच्या आसपास वाढीला जोर आला की माझी हिरवळ पिवळी पडायची, आणि मी युरिया दिला की आणखी पिवळी पडायची. दोन वर्षे मी हा उलटा न्याय सोसला. मग एकदा भिंग घेऊन पाती तपासली. जुनी पाती हिरवी होती आणि कोवळी पाती पिवळी, तीही शिरा हिरव्या ठेवून मधूनच. नत्र कमी पडले तर आधी जुनी पाने पिवळी पडतात, कारण झाड त्यांतून नत्र काढून नव्या पानांना देते. लोह असे हलवता येत नाही, म्हणून त्याची उणीव कोवळ्या पानांत दिसते. वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांना हे पिवळेपण चांगले ओळखीचे आहे. आमच्या चुनखडीयुक्त, विम्लधर्मी जमिनीत लोह नसते असे नाही, पण ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. युरियाने वाढ वेगाने होते आणि तेच थोडे लोह जास्त पानांत वाटले जाते. जमिनीत हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट टाकणे म्हणजे पैसे पुरणे. त्याऐवजी लिटरभर पाण्यात तेच 5 ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पात्यांवर फवारले की आठवडाभरात फरक दिसतो. फक्त कडेच्या फरशीवर थेंब पडू देऊ नयेत. माझ्या पायरीवरचे तांबूस ठिपके अजून गेलेले नाहीत आणि घरातून त्यांचा उल्लेख दर दिवाळीला होतो.

पाण्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आमचे गाव खारपाणपट्ट्यात येते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे आणि जमीन जागोजागी चोपण, म्हणजे सोडियममुळे चिकट होऊन पाणी न मुरणारी. हरळी खारेपण बऱ्यापैकी सोसते, म्हणून तर धुऱ्यावर ती टिकून असते. पण रोज संध्याकाळी नळी धरून अंगण भिजवण्याची हौस तिलाही मारते. थोडे थोडे पाणी वरच्या दोन इंचांत राहते, उन्हाने उडून जाते आणि मीठ मागे ठेवते. तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये सखल कोपऱ्यात पांढरी बुरशी आली असे मला वाटले. चिमूटभर जिभेवर ठेवली तर ते मीठ होते. तेव्हा वडील वारंवार म्हणायचे ते आठवले: "हरयी मारायची असंन त तिची मुयी वर आन अन् ऊन दाखव." उन्हाळी नांगरटीत मुळे वर काढून मे महिन्याच्या उन्हात टाकायची, हा त्यांचा उपाय. मी रोजच्या शिंपडण्याने नेमके तेच करीत होतो, फक्त नांगराशिवाय. पाणी वर असले की मुळे वर राहतात.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा, पहाटे, एकदम पाणी देतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. माझ्या साधारण 46 चौरस मीटरला 20 मिलिमीटर म्हणजे हजार लिटरची एक टाकी जवळजवळ संपते. ती एका दमात सोडली तर अर्धे पाणी भेगांतून थेट पाताळात जाते आणि उरलेले गटारात. म्हणून अर्धी टाकी सोडून तासभर थांबतो, माती फुगून भेगा मिटू देतो आणि मग उरलेली सोडतो. दुसऱ्या दिवशी लांब पेचकस रोवून पाहतो. तो मुठीपर्यंत सहज गेला तर पाणी पोचले. कपडे धुतलेले पाणी वळवून बचत करण्याचा शहाणपणाही मी करून पाहिला. साबणातल्या सोड्यामुळे तेवढ्या पट्ट्यातली माती लिंपल्यासारखी बंद झाली आणि पाणी वर तळे करून उभे राहू लागले. त्यावर जिप्सम हा उपाय आहे, पण ते सोडियमला बाजूला काढते एवढेच. सुटलेले सोडियम खाली धुऊन न्यायला भरपूर पाणी लागते. म्हणून जिप्सम वसंतात टाकण्यात अर्थ नाही, ते मृगाच्या तोंडावर टाकायचे.

तणांपैकी खरा शत्रू एकच, लव्हाळा. त्याची त्रिधारी दांडी दोन बोटांत फिरवली की लगेच ओळखू येते. उपटला तर वरचे पाते हातात येते आणि खालच्या गाठींच्या माळेतली झोपलेली प्रत्येक गाठ जागी होते. ऊस-मक्यात त्यासाठी वापरतात ते हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक हरळीला फारसे दुखवत नाही, पण वेळेवर दुसरा हात फिरवला नाही तर गाठी पुन्हा फुटतात. रुंद पानांच्या तणांवर मी एकदा टू-फोर-डी हे तणनाशक फवारले आणि पंप तीन वेळा धुऊन त्याच पंपाने आठ दिवसांनी परसातल्या भेंडीवर निंबोळी अर्क मारला. भेंडीची कोवळी पाने बोटांसारखी अरुंद होऊन आकसली. भेंडी आणि कपाशी एकाच कुळातल्या, आणि या औषधाचा अंशसुद्धा दोघींना सोसत नाही. कपाशीच्या मुलखात ते हिरवळीसाठी वापरू नये असे माझे स्पष्ट मत झाले आहे. आता पंप दोन आहेत, एकावर लाल रंगाचा पट्टा आहे, आणि गाजरगवत मी फुलायच्या आत हातमोजे घालून उपटतो.

कापणीबद्दल थोडक्यात. फेब्रुवारीतली ती एक कापणी सोडली तर एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापत नाही. मार्चभर उंची इंचभर ठेवतो आणि पाडव्यानंतर हातमशीन एक एक खाच वर चढवत दोन इंचांवर नेतो, म्हणजे पाती स्वतःच्याच मुळांवर सावली धरतात. कापल्यानंतर दुसऱ्या दिवशी शेंडे पांढुरके दिसले तर दोष उन्हाचा नसतो, बोथट पात्याचा असतो.

एक जागा मात्र मला आजवर जिंकता आलेली नाही, ती म्हणजे ईशान्येकडच्या कडुनिंबाखालची. नेमक्या याच आठवड्यांत तो पाने गाळतो, ती दोन दिवस झाडली नाहीत तर खालची हरळी गुदमरते, आणि मग तांबूस पालवी फुटून सावली घट्ट होते. भर दाटीच्या तुरीत हरळी आपोआप हटते, हेही मला बालपणापासून ठाऊक होते. तरीही चार वर्षे मी तिथे काड्या लावत राहिलो. या वर्षी भाऊंनी पुन्हा कुंपणावर हात टेकला आणि विचारले, "सर, निंबाखाली काऊन जीव काढून रायले तुम्ही?" त्याच आठवड्यात तेवढ्या भागात मी शहाबादी फरशी टाकून घेतली. तिथे आता बाज असते, आणि दुपारी तिच्यावर बहुधा भाऊच असतात.