पहिली कॉपी कोण तपासणार?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. "पत्रकार व्हायचे आहे, गोव्यात सुरुवातीची नोकरी किंवा निदान इंटर्नशिप कुठे मिळेल?" हा प्रश्न महाविद्यालयातील व्याख्यान संपले की विद्यार्थी हमखास विचारतात, आणि "एलडीसीची (सरकारी कारकुनाच्या जागेची) जाहिरात निघेपर्यंत मुलीला एखाद्या पेपरात काम मिळेल का?" असा जरा वेगळ्या सुरात तो त्यांचे पालकही विचारतात. बहुतेकांना वर्तमानपत्रांची यादी आणि एखाद्या संपादकाचा फोन नंबर हवा असतो. यादी तशी छोटीच आहे. गोमन्तक, नवप्रभा, तरुण भारत, लोकमत, पुढारी आणि गोवन वार्ता ही मराठी दैनिके, भांगरभुंय हे कोकणी दैनिक, काही इंग्रजी दैनिके, दोन-चार वृत्तवाहिन्या आणि मोबाइलवर बातम्या देणारे काही उपक्रम एवढ्यात ती जवळजवळ संपते. त्यातील कोणत्या नावावर खूण करावी हे मी सांगत नाही. तुम्ही लिहिलेली कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, तेथे कोण वाचणार, कोण दुरुस्त करणार आणि केलेली दुरुस्ती तुम्हाला दाखवणार की नाही, एवढे पाहून पहिली जागा निवडावी, असे माझे मत आहे. आणि ती जागा मिळवण्यासाठी अर्जाआधी आपल्या गावची एखादी नीट लिहिलेली बातमी घेऊन जावे.

हे सांगण्याचे कारण असे की गोव्यातील वर्तमानपत्रांत नवख्यांसाठीच्या जागा जाहिरातीने क्वचितच भरल्या जातात. एखाद्या तालुक्याचा वार्ताहर सरकारी नोकरीत लागतो, एखादी उपसंपादिका लग्न होऊन परराज्यात जाते, निवडणूक तोंडावर येते आणि वृत्तसंपादकाला दोन जास्तीची माणसे लागतात, अशा वेळी तो आपल्याच माणसांना विचारतो की कोणी लिहिणारा पोरगा ठाऊक आहे का. त्या दिवशी ज्याचे नाव कोणाच्या तरी तोंडी येते, त्याला काम मिळते. ओळखीपाळखीशिवाय आपले नाव तेथपर्यंत पोहोचवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे छापण्याजोगा मजकूर, आणि तो मजकूर गोव्यात कुठे पडलेला आहे हे नवख्यांना सहसा कोणी सांगत नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि त्यांच्या ग्रामसभा रविवारी भरतात. कोणत्याही दैनिकापाशी एका रविवारी इतक्या ठिकाणी पाठवण्याइतकी माणसे नसतात, त्यामुळे मोठा गोंधळ झाला तरच त्या सभेचा मजकूर दुसऱ्या दिवशी येतो, आणि तोही सरपंचाने किंवा विरोधी गटातील एखाद्याने फोनवर सांगितलेल्या स्वरूपात. तुम्ही ज्या गावात राहता त्या गावची ग्रामसभा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून ऐकावी. डोंगरकापणी, कचरा शेड, नव्या बांधकामाचा परवाना, बंद पडलेला नळ, शेतात टाकलेला मातीचा भराव, यांपैकी काही ना काही तेथे निघतेच. ज्याने प्रश्न विचारला त्याचे पूर्ण नाव आणि वाडा (गावातील वस्ती) लिहून घ्यावा, सचिवाने दिलेले उत्तर शब्दशः टिपावे, सभा संपल्यावर सरपंचाची बाजू ऐकावी आणि ज्या परवान्याचा किंवा ठरावाचा उल्लेख झाला तो कागद डोळ्यांनी पाहावा. कागद दाखवत नसतील तर माहिती अधिकाराखाली अर्ज करावा. केंद्राचा कायदा २००५ मध्ये आला, पण गोव्याने स्वतःचा माहिती अधिकार कायदा १९९७ मध्येच केला होता आणि त्याची जाण असलेले कार्यकर्ते आजही गावोगाव भेटतात. अर्ज कसा लिहावा हे त्यांच्याकडून शिकता येते. उत्तरासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत ठरवली आहे. तोपर्यंत त्या विषयाचा पिच्छा सोडायचा नाही.

दुसरी खाण सरकारच्याच दारात उघडी पडलेली असते. विधानसभेत आमदारांनी विचारलेल्या तारांकित (सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या) आणि अतारांकित (फक्त लेखी उत्तराच्या) प्रश्नांची लेखी उत्तरे विधानसभेच्या संकेतस्थळावर मिळतात. अधिवेशनाच्या गडबडीत मुख्य बातमीदार त्यांतील मोजक्या उत्तरांनाच हात घालू शकतात, कारण संध्याकाळपर्यंत सभागृहातील कामकाजच पानभर झालेले असते, आणि परिशिष्टांतील तालुकावार तक्ते तसेच राहून जातात. आपल्या तालुक्यातील शाळांत किती शिक्षक कमी आहेत, कोणत्या रस्त्याच्या निविदेला मुदतवाढ मिळाली, हे त्या तक्त्यांत असते. शासकीय राजपत्राचेही तसेच आहे. नगरनियोजन कायद्याच्या ३९अ कलमाखाली जमिनीचा विभाग बदलण्याचे प्रस्ताव जनतेच्या हरकतींसाठी राजपत्रात प्रसिद्ध होतात. त्यात सर्व्हे क्रमांक आणि गावाचे नाव दिलेले असते. ज्या विद्यार्थ्याला आपल्या गावचा तो सर्व्हे क्रमांक म्हणजे देवळामागचा डोंगर की खाजनातील, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतील, शेत हे ठाऊक आहे, त्याच्यापाशी पणजीत बसलेल्या ज्येष्ठ बातमीदारापेक्षा अधिक माहिती आहे.

येथे आपल्या कामाची एक अडचण आणि एक सोय सांगितली पाहिजे. गोव्यातील मराठी बातमीदार माणसांशी कोकणीत बोलतो, कागद इंग्रजीत वाचतो, जुन्या जमिनीचा वाद असेल तर पोर्तुगीज दस्तऐवजाशी झटापट करतो आणि बातमी मराठीत लिहितो. बाहेरून येणाऱ्याला हे जमायला वर्षे लागतात; येथे वाढलेल्या मुलांना त्यातील बरेचसे घरातच मिळालेले असते. मात्र ते गृहीत धरू नये. कोकणीत ऐकलेले वाक्य मराठीत अवतरणचिन्हांत घालताना बोलणाऱ्याचा अर्थ तसाच राहिला का, हे पुन्हा त्याला विचारून घेण्याची सवय पहिल्याच महिन्यात लागली तर पुढचे बरेच वकिलीचे खर्च वाचतात.

आता डेस्कबद्दल, म्हणजे कचेरीत बसून आलेला मजकूर तपासून पानावर बसवण्याच्या कामाबद्दल. नवख्यांना बहुधा मैदानात उतरण्याची घाई असते आणि डेस्कवर बसवले की शिक्षा झाल्यासारखे वाटते. माझे मत उलट आहे. पहिले सहा महिने ज्याला चांगल्या मुख्य उपसंपादकाच्या शेजारची खुर्ची मिळाली, तो नशीबवान. डेस्कवर प्रेसनोट येतात. एखाद्या गावच्या भजन स्पर्धेच्या बक्षीस समारंभाची प्रेसनोट घ्या: व्यासपीठावर कोण कोण होते, कोणी समई प्रज्वलित केली, कोणी कोणाला पुष्पगुच्छ दिला, हे चार परिच्छेद झाल्यावर पहिला क्रमांक कोणत्या पथकाला मिळाला ते शेवटून दुसऱ्या ओळीत येते. ती ओळ वर आणणे, पाहुण्यांची नावे आवश्यक तेवढीच ठेवणे, पथकाचे गाव आणि गायकाचे आडनाव खात्री करून लिहिणे, आणि हे सारे जाहिरातीने खाल्लेल्या पानावर उरलेल्या वीतभर जागेत बसवणे, ही कामे क्षुल्लक दिसतात. ती करतानाच कॉपी लिहायला येते. इंग्रजी वृत्तसंस्थेची बातमी भाषांतरित करताना नवा उपसंपादक साखळी या गावाचे संक्वेलिम आणि केपे या गावाचे क्वेपेम, अशी इंग्रजी स्पेलिंगवरून नावे करून ठेवतो, आणि ते पान तसेच सुटले तर सकाळी सात वाजता साखळीचा वाचक फोन करतो. असे फोन ज्या कचेरीत अजून येतात आणि घेतलेही जातात, ती कचेरी शिकण्यासाठी चांगली समजावी.

म्हणूनच भेटीला गेल्यावर तुम्हीही एक प्रश्न विचारावा: "माझी कॉपी कोण पाहील?" उत्तरात एखाद्या माणसाचे नाव आले तर थांबावे. "तुम्ही थेट अपलोड करा, आपल्याला वेग हवा" असे उत्तर आले तर तेथे चित्रीकरण, संकलन आणि मोबाइलसमोर न अडखळता बोलणे शिकता येईल, आणि आजच्या काळात ते शिकलेच पाहिजे. पण लिहिणे तेथे सुधारणार नाही, कारण चूक दाखवणारे कोणी नाही. वाहिन्या आणि मोबाइलवरील उपक्रमांत नवख्यांना संधी लवकर मिळते हेही खरे आहे. ज्याला कॅमेऱ्याचेच वेड आहे त्याने तिकडे जरूर जावे. ज्याचे अजून ठरलेले नाही, त्याने एखादे वर्ष छापील दैनिकात काढावे, असे मी सुचवतो. छापील पेपरांतील जागा कमी होत चालल्या आहेत, हे मान्य करूनच सुचवतो.

महाविद्यालयाच्या इंटर्नशिपविषयी थोडक्यात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या विद्यार्थ्यांना कुठेतरी इंटर्नशिप करावी लागते, त्यामुळे एकाच महिन्यात बरीच मुले वर्तमानपत्रांच्या दारात उभी राहतात आणि त्यांना काय द्यावे हे कोणालाच सुचत नाही. गर्दीच्या महिन्यात जाऊ नये. पावसाळी अधिवेशन, नोव्हेंबरमधील इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) किंवा पंचायत निवडणूक अशा वेळी जावे, कारण तेव्हा खरोखरच माणसे कमी पडतात आणि इंटर्नलाही काम मिळते. २००४ पासून इफ्फी पणजीत होतो आणि त्या दिवसांत मराठी दैनिकांना चित्रपट पाहून रात्री आठपर्यंत तीनशे शब्द लिहून देणारा माणूस हवाच असतो.

पदवी लागते का, असेही विचारले जाते. संस्थेच्या नियमात असेल तर लागते. पुण्याचा रानडे इन्स्टिट्यूटमधील विभाग किंवा भारतीय जनसंचार संस्थेचा अमरावती येथील मराठी पत्रकारितेचा पदविका अभ्यासक्रम केलेली मुले कायदा आणि तंत्र जाणून येतात, त्याचा फायदा होतो. तरीही अर्थशास्त्र, कायदा किंवा भूगर्भशास्त्र शिकलेला आणि मराठी स्वच्छ लिहिणारा उमेदवार आला तर गोव्यासारख्या खाणींच्या आणि जमिनीच्या वादांच्या राज्यात मी आधी त्याला बसवून घेईन.

खाणींचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो की ज्या दारात शिरायचे, ते दार कोणी बांधले हेही माहीत असावे. गोमन्तक १९६२ मध्ये चौगुले उद्योगसमूहाने सुरू केला आणि आता तो सकाळ समूहाकडे आहे. नवहिंद टाइम्स आणि नवप्रभा ही धेंपो समूहाची दैनिके अनुक्रमे १९६३ आणि १९७० मधली. गोव्यातील वृत्तपत्रे उद्योगघराण्यांच्या पैशांतून उभी राहिली, यात लपवण्यासारखे काही नाही आणि त्याच पेपरांतून नाव काढलेले निर्भीड संपादकही होऊन गेले. मालकाचे इतर व्यवसाय कोणते, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेला बातमीदार आपली बातमी का थांबली याचे कारण कोणाला न विचारता ओळखतो आणि ती आणखी पक्की करून पुन्हा नेतो.

पैशांबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. पत्रकारांचे पगार ठरवणाऱ्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने त्या २०१४ मध्ये वैध ठरवल्या आणि कंत्राटी पत्रकारही त्यात येतात असे २०१७ मध्ये सांगितले. तरीही तालुक्याचा वार्ताहर बहुधा मानधनावर असतो, प्रशिक्षणार्थीला पेट्रोल आणि जेवण यापलीकडे फारसे उरत नाही, आणि एलडीसीच्या पगाराशी तुलना करणाऱ्या पालकांचा हिशेब बरोबरच असतो. डेस्कची पाळी संपते तेव्हा मध्यरात्र झालेली असते आणि वाळपईला किंवा काणकोणला जाणारी कदंब बस केव्हाच गेलेली असते. मुलींनी, आणि मुलांनीही, रात्री घरी सोडण्याची सोय आहे का हे विचारण्यात संकोच करू नये. स्वतःची दुचाकी नसेल तर पणजी परिसरात खोली लागते, आणि तिचे भाडे ऐकून अनेकांची पत्रकारिता तेथेच आटोपते. माझ्या परीने एवढेच सांगता येते की पहिले वर्ष घरून येणे-जाणे जमेल अशा तालुका कार्यालयात काढणे कमीपणाचे नाही.

दोन ठिकाणांपासून मात्र दूर राहावे. पैसे घेऊन प्रेसचे ओळखपत्र देणाऱ्यांकडे जाऊ नये. त्या पत्राला पोलीस ठाण्यात कोणी विचारत नाही, आणि सरकारची अधिस्वीकृती, म्हणजे पत्रकार म्हणून अधिकृत मान्यता, माहिती व प्रसिद्धी खात्याच्या नियमांनी अनुभवी पत्रकारांना मिळते. दुसरे, चतुर्थी-दिवाळीच्या विशेषांकासाठी जाहिराती आणण्याचे लक्ष्य बातमीदाराच्याच गळ्यात मारणारी जागा. ज्या सरपंचाकडून सोमवारी शुभेच्छांची जाहिरात घेतली, त्याच्या ग्रामसभेला पुढच्या रविवारी मोकळ्या मनाने बसता येत नाही.

कायद्याचे थोडे ज्ञान मात्र पहिल्या दिवशीच हवे, कारण ते शिकेपर्यंत थांबायला वेळ मिळत नाही. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमानुसार आणि बालकांच्या बाबतीत पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या २३ व्या कलमानुसार उघड करता येत नाही. केवळ नाव गाळून भागत नाही. लहान गावात वाड्याचे नाव आणि वडिलांचा धंदा छापला की सारे गाव ओळखते, हे गोव्यात तर विशेष ध्यानात ठेवावे. पोलिसांकडील माहितीसाठी रोज कोणाची मनधरणी करावी लागतेच असे नाही. संवेदनशील प्रकरणे सोडून बाकीचे एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे आणि ते वाचण्याची सवय असलेला प्रशिक्षणार्थी हवालदाराच्या तोंडी माहितीवर विसंबत नाही.

भेटीला जाताना दोन छापण्याजोग्या बातम्या, त्यांना आधार असलेल्या कागदांच्या प्रती आणि ज्यांच्याशी बोललात त्यांचे फोन नंबर बरोबर न्यावेत. दुपारी तीन ते पाच ही वेळ बरी. सहानंतर वृत्तसंपादकाला मान वर करायलाही सवड नसते. काम मिळाले तर मुदत, मानधन आणि पाळी लिहिलेले पत्र मागून घ्यावे. ते मिळायला उशीर झाला तरी छापून आलेले प्रत्येक कात्रण तारखेसह ठेवत जावे, आणि त्याच्याच मागे आपली मूळ कॉपी टाचावी, म्हणजे डेस्कने काय बदलले ते महिन्याच्या शेवटी ताडून पाहता येते.