खपलीचा नाद

कोपरावरची खपली आज दुपारी एका कडेने सुटलेली दिसली आणि हातातलं पुस्तक बाजूला पडलं. ज्यांना हा नाद आहे त्यांना पुढचं सांगायला नको. कडेने नख घालायचं, सुटेल तेवढी सोडवायची, ओलं लागलं की थांबायचं. थांबतो कोण!

लहानपणी गुडघ्यावर एक तरी खपली असायचीच. आजी जखमेवर चिमूटभर हळद दाबायची आणि दटावायची, "हात लावलास तर बघ!" वर्गात बाकाखाली हे उद्योग बिनबोभाट चालत. कधी खालून कोवळी गुलाबी कातडी निघे, कधी भळकन रक्त. मग प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या चिमुकल्या पेशी, पुन्हा धावून येणार, एकमेकींना चिकटणार, फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं पुन्हा विणलं जाणार, त्यात तांबड्या पेशी अडकणार. आपण उकरायचं, त्यांनी पुन्हा बुजवायचं. कंटाळा म्हणून नाही.

पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, असं शाळेत घोकलं होतं. मला ते कधीच पटलं नाही. सैनिक शत्रूला खातात का? १८८२ साली मेचनिकॉफ या प्राणिशास्त्रज्ञाने इटलीतल्या मेसिनात तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा हा घोळका! जंतू गिळणाऱ्या पेशींची गोष्ट तिथून सुरू झाली. आपण ज्याला पू म्हणून नाक मुरडतो, त्यात बहुतेक अशाच खाऊन मेलेल्या पेशी असतात. याच मेचनिकॉफचा शिष्य हाफकिन पुढे मुंबईत आला. प्लेगची लस त्याने १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावाला डेंग्यू झाला. एरवी दीड लाखाच्या वर असायच्या त्या प्लेटलेट्स वीस हजारांवर आल्या. रोज रिपोर्ट, रोज फोन: "आज किती?" शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस घेऊन हजर. डॉक्टरांनी बजावलं, दाढी करायची नाही, ब्रश जपून, कुठे ओरखडाही नको. त्याला तर सगळ्या अंगाला खाज सुटलेली. आईने त्याची नखं मुळापर्यंत कापली आणि उशाशी बसून राहिली. मी दाराशी उभा. नेहमीसारखी थट्टा करायला तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना.

आता ठणठणीत आहे. दाढी मात्र तेव्हाची तशीच ठेवलीय. वहिनी म्हणते, बरी दिसते.