पैशाची कार्डं

रविवार, रात्री अकरा

आत्याने दिलेली पणजोबांची पोस्टकार्डं आज मोडी लिपी वाचणाऱ्या बाईंकडून वाचून घेतली. एकूण तेवीस. आलेलं कार्ड तारेत टोचून ठेवायची घरची पद्धत, म्हणून प्रत्येकाला भोक. पहिलं १९१२चं, शेवटचं १९२३चं. पंचम जॉर्जचं डोकं सगळ्यांवर.

पणजोबा लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरायचे. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली उभा राहिला. आपल्या भागात लोखंडी नांगर रुजला तो त्या सुमाराला, पण सुखासुखी नाही. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, असं शेतकरी धरून बसलेले. तासगावच्या एका कार्डात पणजोबांची युक्ती आहे: अर्धं वावर मालकाच्या लाकडी नांगराने, अर्धं आपल्या नांगराने, आणि पावसानंतर पुन्हा फेरी. म्हणजे एका नांगरासाठी दोन खेपा. (आणि आम्ही पार्सल दोन दिवस लांबलं की तक्रार करतो.)

सगळी कार्डं वडिलांना. 'तीर्थरूप दादांचे सेवेशी, कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष', मग विक्री, उधारी, पाऊस. पणजीचं नाव तेवीस कार्डांत एकदाही नाही. बायकोला वेगळं पत्र पाठवायचं म्हणजे निर्लज्जपणा, आणि पैशाचं उघडं कार्ड तर पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचणार.

मी बाईंना म्हटलं, "खाली बाळबोधीत एखादी ओळ आहे, तीही वाचा ना."

बाई हसल्या. "ती मी कशाला वाचू? ती तुम्हालाच येते."

खरंच की. बाळबोध म्हणजे आपली नेहमीची देवनागरी. लहानपणी आत्याकडे हीच कार्डं चाळायचो तेव्हा तेवढ्याच ओळी लागायच्या. वाटायचं, जागा उरली म्हणून लिहिलंय काहीतरी. वर सगळी भराभर, हात न उचलता ओढलेली मोडी. खाली एकच ओळ, सुटी सुटी अक्षरं, शाळेतल्या पोराने गिरवल्यासारखी. आत्याला फोन केला. ती म्हणाली, "माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, दोन यत्ता शिकली होती रे. बाळबोध वाचायची, मोडी नाही."

'दाढ राहिली. लवंगेनें गुण आला.'

'कुर्डुवाडीस गाडी चुकली. रात्र फलाटावर काढली. घोंगडी होती.'

१९१८च्या मानमोडीतल्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीतल्या, कार्डात वर मोडीत गावंच्या गावं आजारी, बाजार भरत नाहीत, नांगर कोण घेतो. खाली: 'उपाशी राहून कोणाची उसाभर करूं नये.' ना 'तू', ना 'तुम्ही'. सासऱ्यांनी वाचलं तरी साधा उपदेशच वाटावा. आजारी घरात सगळ्यात शेवटी कोण जेवत असेल, ते पणजोबांना तिकडे बसून ठाऊक.

१९२२ साली कार्ड पैशाचं दोन पैशांचं झालं. त्यानंतरची दोनच आहेत. अक्षर एकदम बारीक, कडेपर्यंत लिहिलेलं, पण खालची ओळ होती तेवढीच मोठी.

एक कार्ड मात्र तारेत उलटं टोचलं गेलंय. भोक नेमकं त्या ओळीवर. 'सांगोल्याचे बाजारांत' एवढं लागतं, मग भोक, मग 'पाहिलें. येतांना आणतों.'

आत्याला विचारलं. तिलाही माहीत नाही. साडी म्हणते, पण ती अंदाजाने.