उसनी पिट्ठू

उसनी बॅग घेऊन विमानाला जाऊ नका, हे मी हल्ली लग्नकार्यातसुद्धा सांगत सुटले आहे. लोक हसतात. ‘विमानतळावर लागल्यापासून लईच कायदा शिकली ही,’ असं माझ्या चुलत सासूबाईंचं मत आहे. असू दे.

मी सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, सुरक्षा तपासणीत आहे. कुठल्या दलात ते लिहीत नाही. कधी पडद्याआड बायकांची झडती, कधी एक्स-रे मशीनवर. मशीनवर सलग वीस मिनिटांच्या वर बसायचं नसतं. डोळा थकला की त्याला सगळ्या बॅगा सारख्याच दिसायला लागतात. रांगेतल्या लोकांना वाटतं, आम्ही खुर्च्या बदलत टाइमपास करतोय.

झडतीचं काम लोक समजतात तितकं सरळ नाही. नऊवारीतली आज्जी धातू ओळखणाऱ्या दारातून आली की दार वाजणारच. कमरेला चांदीचा करगोटा, पदराला सेफ्टी पिना, पायात जोडवी, आणि पोलक्यात खोचलेल्या बटव्यात सुट्टी नाणी, घराची किल्ली, अडकित्ता. अडकित्ता काढून घेताना मला दर वेळी वाईट वाटतं, पण धार ती धार. गोकाक-चिकोडीकडच्या लिंगायत बायकांच्या गळ्यात चांदीच्या करडिगेत, म्हणजे छोट्या डबीत, पूजेचं इष्टलिंग असतं. त्याला परक्यानं हात लावायचा नाही, एवढं समजायला परिपत्रक लागत नाही. त्यांनाच उघडून दाखवायला सांगायचं, बघायचं, नमस्कार करायचा, पुढं. गुडघे बदललेले काका डॉक्टरांची चिठ्ठी आधीच हातात धरून येतात. चिठ्ठी असली तरी दार वाजतं आणि तपासणी होतेच, फक्त बोलणं वाचतं. पेसमेकर असेल तर मात्र आधी सांगा, तिथं डिटेक्टर फिरवत नाहीत, हातानं तपासतात. आणि तरुण मंडळींनो, तळव्यात पोलादी पट्टी असलेले बूट आणि डबीएवढं बक्कल घालून विमानतळावर का येता? फॅशन शो हैदराबादला उतरल्यावर करा की.

दागिने काढून ट्रेमध्ये ठेवू नका. अंगावर असू द्यात, आम्ही बघून घेतो. ट्रेमधली चेन विसरून गेटपर्यंत गेलेली बाई नंतर आमच्याकडेच चोर बघितल्यासारखं बघते.

मशीनवरची भाषा रंगांची. सेंद्रिय वस्तू नारिंगी, धातू निळे, मधलं काही ते हिरवं, आणि ज्यातून किरण पारच होत नाहीत ते काळं. आता आपल्या बेळगावचा कुंदा घ्या. दूध आटवून आटवून घट्ट केलेला ऐवज, डबा भरून दाबलेला. पडद्यावर तो एकसंध, गडद नारिंगी ठोकळा दिसतो, आणि स्फोटकंही पडद्यावर तशीच नारिंगी दिसतात. नवीन बदली होऊन आलेला उत्तरेकडचा पोरगा पहिल्या आठवड्यात प्रत्येक कुंद्यापाशी पट्टा थांबवतो. मग कुणीतरी त्याला चवीला देतो, आणि दुसऱ्या आठवड्यात तो डबे नुसते नजरेनं मोजतो. हे असं होऊ नये, असं माझं मत आहे. ठोकळा दिसला की बघायचाच, आत कुंदा असला तरी. पण मला विचारतो कोण.

सौंदत्तीच्या यल्लम्माहून आलेल्यांच्या पिशवीत भंडारा आणि खोबऱ्याची वाटी. भंडाऱ्याची पुडी उघडून बघितली की जाऊ देतो. सुक्या खोबऱ्यावरून मात्र रोज भांडण. त्यात तेल इतकं की ते आपोआप तापून पेटू शकणाऱ्या मालात धरतात, म्हणून ना हातात, ना खालच्या सामानात. ‘देवाचं हाय ओ मॅडम’ याला माझ्याकडे उत्तर नाही. त्यातून ऑक्टोबर २०२४ मध्ये शबरीमलाच्या भाविकांना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमध्ये न्यायला २० जानेवारी २०२५ पर्यंत सवलत दिली होती. ते वाचलेले लोक तेव्हापासून सगळ्या देवांचे नारळ घेऊन वाद घालतात. लाल तिखट केबिनमध्ये नाही, लायटर कुठंच नाही, आणि पॉवर बँक उलट फक्त केबिनमध्ये. ती खालच्या सामानात टाकलीत तर बॅग विमानात चढत नाही आणि तुमच्या नावाचा पुकारा होतो. हे सगळं लिहिलेला फलक आहे. वाचत कोण नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

सकाळची हैदराबादची फ्लाइट. मी नुकतीच मशीनवर बसले होते. एक मुलगा आला, खानापूरकडचा, बावीस-तेवीसचा, इस्त्रीचा शर्ट, हातात प्रमाणपत्रांची जाड फाइल. पहिल्या नोकरीत रुजू व्हायला निघाला होता. पाठीवर लष्करी हिरव्या रंगाची पिट्ठू, म्हणजे फौजींची पाठीवरची बॅग. बेळगाव छावणीचं गाव, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथंच, आजूबाजूच्या गावांत घराआड एक फौजी. असल्या पिट्ठू रोज येतात. शेतावर भाकरी न्यायला वापरतात, कॉलेजला वापरतात. त्यानं लॅपटॉप काढला, फाइल पिट्ठूत ठेवली. ती दुमडू नये म्हणून पिट्ठू आडवी न टाकता ट्रेमध्ये उभी ठेवली.

पडद्यावर तळाशी, पुठ्ठ्याच्या पट्टीखाली, बोटाएवढा एक गडद निळा आकार आला. खाली रुंद, पुढे मानेशी एकदम निमुळता, टोक जवळजवळ काळं.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या मशीनमध्ये एक खोडी भरलेली असते. खऱ्या बॅगेच्या चित्रात ते अधूनमधून आपणहून खोटं पिस्तूल, खोटा सुरा, खोटा बॉम्ब घुसवतं. आम्ही जागे आहोत का, हे तपासायला. दिसलं की बटण दाबायचं. खोटं असेल तर पडद्यावर लगेच संदेश येतो की हे बनावट होतं, तुम्ही ओळखलंत. न दाबलं तर त्याचीही नोंद होते, आणि महिनाअखेर साहेबांसमोर उभं राहावं लागतं. त्यामुळे काही वेडंवाकडं दिसलं की पहिला विचार हाच, परीक्षा असेल. मी बटण दाबलं. संदेश आला नाही.

पट्टा थांबवला, इन्चार्जना हाक मारली, मुलाला बाजूला घेतलं. बॅग हातानं उघडण्याआधी नेमकी जागा कळावी म्हणून ती पुन्हा मशीनमधून घातली, या वेळी आडवी, सगळे ठेवतात तशी. आणि आकार गायब. तळाच्या शिवणीत फक्त एक काळा ठिपका. पिट्ठूच्या पट्ट्यांना असले ठिपके किती तरी, रिव्हेट आणि कड्यांचे. शेजारचा सहकारी म्हणाला, ‘मॅडम, कुठाय?’ वस्तू शिवणीला आडवी अडकली होती. किरण खालून वर जातात. बॅग आडवी टाकली की तीच वस्तू टोकावर उभी राहते आणि तिचं फक्त बूड दिसतं. दोन बाजूंनी बघणारी मशिनं असतात, त्यांच्यावर हा प्रश्न येत नाही. मी होते ते एका बाजूचं.

अस्तर फाटलेलं होतं. त्यातून निघालं ५.५६ मिमीचं जिवंत काडतूस, लांबीला ५७ मिमीच्या आसपास, पितळ काळवंडलेलं.

मुलाला ते काय आहे हेच आधी कळलं नाही. मग कळलं आणि तो खाली बसला. ‘मामाची पिट्ठू हाय ओ. माझ्याकडं चांगली बॅग नव्हती. फेकून द्या की तिकडं, मला जाऊ द्या.’ हे सगळेच म्हणतात, तिखटाच्या पुडीपासून काडतुसापर्यंत. पुडी फेकता येते. काडतुसाला परवाना नसला की शस्त्र कायदा १९५९ लागतो. पंचनामा, जप्ती, पोलीस. फ्लाइट गेली. फाइल छातीशी धरून तो पोलिसांच्या गाडीत बसला. आमच्यातल्या एकानं मोबाइलवर त्याचा फोटो काढायचा प्रयत्न केला, त्याला इन्चार्जनी झापलं. त्याबद्दल मी इन्चार्जचे आभार मानते, एरवी आमचं फार जमत नाही.

त्या दिवशी माझं कौतुक झालं. एवढ्या गर्दीच्या बॅगेत नजर गेली म्हणून.

संध्याकाळी मला जबाबाला बोलावलं होतं. तिथं मामा आले होते, निवृत्तीची कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून. ताठ माणूस. ओरडले नाहीत, कुणाची ओळख सांगितली नाही. फायरिंगच्या सरावाला ही पिट्ठू असायची, त्या काळात एखादं राहिलं असेल, एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘ताई, रिटायर झाल्यावर हीच पिट्ठू घेऊन मी पुण्याहून दिल्लीला विमानानं जाऊन आलोय. तेव्हा कुणी धरली नाही.’

कायद्याचं म्हणाल तर मुलाला आशा आहे. १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की शस्त्राचा ताबा जाणीवपूर्वक हवा. बॅगेत विसरून राहिलेल्या एकट्या काडतुसाचे गुन्हे उच्च न्यायालयांनी याच आधारावर रद्द केले आहेत. वकिलानंही त्यांना तेच सांगितलं असणार. पण रद्द होईपर्यंत तारखा, आणि तोवर पासपोर्ट, पोलीस पडताळणी, सगळीकडे ‘गुन्हा प्रलंबित’. कंपनीनं जागा ठेवली की नाही, मला कळलं नाही, आणि विचारायला मी कोण?

मामांचं वाक्य मात्र जात नाही. ते खोटं बोलत नव्हते. तिकडेही कुणीतरी माझ्यासारखंच मशीनवर बसलं असेल, आणि मामांनी पिट्ठू आडवी टाकली असेल, शिस्तीच्या माणसासारखी. त्या स्क्रीनरला ठिपका दिसला असेल. त्याची चूक म्हणावी तर मी स्वतः तो ठिपका बघितलाय, आकार आधी माहीत असूनही तो मला काडतूस वाटत नव्हता. म्हणजे पोरानं फाइल जपली म्हणून तो सापडला. फाइल दुमडायला तयार असता तर दुपारी हैदराबादला हजर असता, काडतूस पाठीवर घेऊन. माझ्या कामाच्या दृष्टीनं ते वाईट झालं असतं, त्याच्या दृष्टीनं चांगलं, आणि काडतूस दोन्हीकडे तेच, कुणालाही काही न करणारं. घरी हे बोलले तर नवरा म्हणाला, ‘तू तुझं काम केलंस.’ केलंच. मी कुठं नाही म्हणते?

आता पुठ्ठ्याच्या तळाची सॅक आडवी आली आणि शिवणीत ठिपका दिसला की मी ती उभी करून परत घालते. दर वेळी रिव्हेटच निघतो. मागं रांग वाढते, लोक घड्याळं दाखवतात. परवा इन्चार्ज म्हणाले, प्रत्येक रिव्हेट बघत बसलात तर लोकांच्या फ्लाइट चुकतील, मॅडम. मी म्हटलं, मग दोन बाजूंचं मशीन मागा. ते म्हणाले, मागितलंय, आणि चहाला गेले.