दिसतंय की वाटतंय?

जनरल सर्जरीच्या रेसिडेन्सीतले सुरुवातीचे कित्येक महिने मी रिट्रॅक्टर, म्हणजे चिऱ्याच्या कडा बाजूला ओढून धरणारं अवजार, धरून उभी होते. सर पोटात खोलवर काम करत असायचे, मला जेमतेम कडा दिसायची आणि हात जरा ढिला पडला की लगेच ओरडा मिळायचा. तेव्हा ते दिवस वाया जाताहेत असं वाटायचं. पण पोटाच्या भिंतीचे थर माझ्या डोळ्यांत बसले ते त्याच दिवसांत.

दोऱ्याच्या गाठी मारायला मी माझ्या खोलीवर शिकले. खुर्चीच्या हाताला रेशमी दोरा अडकवून आधी दोन हातांनी, मग एका हाताने, मग ग्लोव्ह ओले करून. एका उंच डब्याच्या तळाशी हूक चिकटवला होता. खोलवरची रक्तवाहिनी बांधताना ती वर ओढली गेली तर तुटते, म्हणून बोट गाठीसोबत थेट तळापर्यंत न्यावं लागतं. हे त्या डब्याने मला शिकवलं.

पहिली केस अपेंडिक्सची मिळाली. बेंबी आणि कमरेच्या हाडाचं पुढचं टोक जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून एक तृतीयांश अंतरावर मॅकबर्नीचा बिंदू. चिरा घेतला, स्नायूंचे तंतू न कापता बाजूला केले. आत अपेंडिक्स कुठेच नाही! सर शांतपणे म्हणाले, "शोधू नकोस, पट्टी धर आणि तिच्या मागे जा." मोठ्या आतड्यावरच्या तिन्ही पट्ट्या जिथे एकत्र येतात, तिथे अपेंडिक्सचं मूळ असतं. ते सीकमच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या, मागे दडलेलं होतं.

पण मला सर्जन केलं ते एका पित्ताशयाने.

पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन सर्जन कार्ल लांगेनबुखने बर्लिनमध्ये 1882 साली केलं. आज ते बहुतेक वेळा दुर्बिणीतून होतं आणि बाहेरून सोपं वाटतं. खरी भीती एकच असते : पित्ताशयाची नळी समजून यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका कापली जाण्याची. ती इजा रुग्णाला वर्षानुवर्षं भोगावी लागू शकते. म्हणून सर्जन स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्ये मांडलेली कसोटी आम्ही पाळतो. पित्ताशयाची नळी, मुख्य नलिका आणि यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू पूर्ण साफ, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटा आणि पित्ताशयाकडे जाताना फक्त दोनच गोष्टी दिसायला हव्यात : त्याची नळी आणि त्याची रक्तवाहिनी. त्याआधी नळी बंद करणारी क्लिप लावायची नाही.

त्या दिवशी सगळं सुजून दगडासारखं झालं होतं. दीड तास मी कण-कण सोडवत होते. शेवटी एक नळी मोकळी झाली आणि मी क्लिप मागितली.

"काय आहे ते?" सरांनी विचारलं.

"सिस्टिक डक्ट, सर." म्हणजे पित्ताशयाची नळी.

"दिसतंय की वाटतंय?"

मी पडद्याकडे पुन्हा पाहिलं. नळीच्या मागे यकृत दिसायला हवं होतं, ते दिसत नव्हतं. नुसता लाल, घट्ट गोळा होता. खरं उत्तर द्यायला मला वेळ लागला, कारण "वाटतंय" म्हटलं की दीड तासाची मेहनत तिथेच सोडावी लागणार होती.

"वाटतंय."

"मग थांब."

आम्ही त्या त्रिकोणात पुन्हा हात घातला नाही. पित्ताशय वरूनच उघडलं, खडे काढले, तोंडाजवळचा भाग तसाच ठेवून आतून टाके घातले आणि ड्रेन, म्हणजे आतलं पाणी बाहेर आणणारी नळी, सोडला. अर्धवट वाटणारं हे ऑपरेशन अशा वेळी सगळ्यांत सुरक्षित ठरतं, हे मी वाचलेलं होतं. पटलं मात्र त्या टेबलावर. नातेवाइकांना भेटायला सर मलाच घेऊन गेले. पूर्ण पित्ताशय का काढलं नाही, हे मी साध्या शब्दांत सांगितलं. पुढे थोडं पित्त गळू शकतं, हेही लपवलं नाही. त्यांनी बरेच प्रश्न विचारले आणि ते विचारायलाच हवे होते.

रात्री झोप अशी लागलीच नाही. पहाटे पाचला वॉर्डात गेले आणि खाटेशेजारी गुडघ्यावर बसून ड्रेनची बाटली टॉर्चने पाहिली. हिरवं काही नव्हतं, थोडं पातळ गुलाबी पाणी होतं. पोट मऊ होतं. तोवर रुग्णाला जाग आली. मी विचारलं, "गॅस सुटला का?" तो संकोचून हसला आणि म्हणाला, "मघाशीच."

तिसऱ्या दिवशी ड्रेन मी स्वतः काढला.